मालकांची पाच गाणी

डोंबिवलीत खोली बघायला येणारी माणसं विहिरीला पाणी किती, स्टेशन किती लांब, साप निघतात का, असलं काय काय विचारत. आमच्या मालकांनी उलट आम्हालाच विचारलं, "कान बरे हायत ना दोगांचे?"

आमचे हे गांगरले. सरकारी कचेरीतली नोकरी, त्यामुळे कुठल्याही प्रश्नाला आधी होकार द्यायची सवय. म्हणाले, "हो, चांगले आहेत." मालकांनी कमरेची किल्ली काढून ह्यांच्या हातावर ठेवली. "मंग ऱ्हावा."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं, मुंबईत जागा म्हणजे देव भेटण्यासारखं, आणि मी नवी नवरी दादरला दिरांच्या स्वयंपाकघरात पाटा-वरवंट्याच्या शेजारी झोपत होते. कान काय, नाक मागितलं असतं तरी कापून दिलं असतं. कौलारू चाळीतली शेवटची खोली आम्हाला मिळाली. मागं भाताची खाचरं, पुढं विहीर, विहिरीपलीकडं मालकांचं घर. सामान लावून झालं, चहा टाकला, आणि मालक आमच्या ओट्यावर येऊन मांडी घालून बसले. घसा खाकरला. आणि कानांचा खुलासा झाला.

आमचे मालक गाणी रचत. स्वतः रचत, स्वतः चाल लावत, स्वतः गात आणि शेवटी स्वतःच मान डोलावत. म्हणजे आमच्यासाठी काही कामच शिल्लक ठेवत नसत, फक्त बसायचं. जात आगऱ्याची, खाडीकडं मिठागरं, मानपाड्याच्या अंगाला भातशेती, आणि स्टेशनाजवळचा एक तुकडा विकून बांधलेली ही चाळ. शिक्षण चौथी. कमरेला आखूड धोतर, उघडं अंग, आणि गाणं सुचलं की त्या उघड्या अंगावर काळा कोट. हा कोट बाजारात जाताना नाही, लग्नाला जाताना नाही, कोर्टात जातानासुद्धा नाही. तो गाण्याचा कोट. बांधावर उभं असताना ओळ सुचली तर चिखलाच्या पायांनी घरी येत, कोट चढवत आणि मग दुसरी ओळ रचत. वैशाखातही. त्यांची बायको, आम्ही सगळे त्यांना काकी म्हणायचो, विहिरीवरूनच ओरडून सावध करायच्या, "कोट घातला गो! आता मांजर पन घरान थांबाचा नाय!"

मांजर सुटत असे. आम्ही भाडेकरू.

बरं, नुसतं ऐकून भागत नसे. गाणं संपलं की मालक एकेकाकडं वळत. "कसा वाटला?" अहो-जाहो त्यांच्या बोलीत नव्हतंच, स्टेशनमास्तरलासुद्धा ते अरे म्हणत. पहिल्या दिवशी आमचे हे शहाणपणानं म्हणाले, "वा! छान!" मालक तापले. "छान काय? लुगरं हाय? कंची वल आवडली ती सांग." ह्यांना ओळ सांगता येईना. म्हणाले, "सगळंच आवडलं." मालक कोट काढून खांद्यावर टाकत उठले. "सगला आवडला म्हंजे काय नाय आवडला." दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीचा पोहरा गायब. आमच्या ह्यांना बिनअंघोळीचं कचेरीत जावं लागलं. तेव्हापासून चाळीतला प्रत्येक जण गाणं चालू असताना एखादी ओळ हेरून, घट्ट धरून बसायचा. पलीकडच्या खोलीतले मास्तर तर दुसरी ओळ झाली की कानच मिटायचे, कारण त्यांची ओळ मिळालेली असायची. मी आजवर पुष्कळ पुस्तकं वाचली, पुष्कळ परीक्षणं वाचली. पण एवढ्या धाकानं केलेलं रसग्रहण दुसरीकडं कुठं पाहिलं नाही.

आणि एवढा सगळा दरारा कशाच्या जोरावर, तर पाच गाण्यांच्या. होय, पाचच. उभ्या आयुष्यात त्यांनी पाच गाणी रचली. एकेक गाणं वर्ष-दोन वर्षं चालायचं. रोज तेच, रोज एक शब्द इकडचा तिकडे. "आज बदल केला" म्हणून सांगायचे आणि कुठं ते आम्ही ओळखायचं. "ऐकतंस ना नीट, वैनी?" मी दळण निवडता निवडता "हो" म्हणायचे आणि मनात त्यांना नको नको ते बोलायचे.

आता गाणी कशी होती तेही सांगायला हवं, नाहीतर म्हणाल बाई नुसती जळते. एक होतं खेकड्याचं. भरती येते, ओहोटी येते, चिंबोरे सगळे फिरायला जातात, आणि एक खेकडा बिळातून बाहेर यायला तयार नाही, कारण मागं कोणी बीळ घेतलं तर? ते गाणं त्यांनी स्वतःवरच केलं होतं असं सारा गाव म्हणायचा, आणि मालकांना त्याचा पत्ताच नव्हता. एक होतं दोन भावांच्या बांधाचं. दोघं रोज बांध एकेक बोट सरकवतात, हा तिकडे आणि तो इकडे, आणि मरताना बांध आपला होता तिथंच. एक होतं रुळांचं. शेतातून रूळ गेले तेव्हा मालकांच्या आजीनं त्यांवर शेणी वाळत घातल्या होत्या, असं त्यात होतं. आणि एक, अहो, चक्क माझ्यावर होतं.

"वैनी पानी गालते,
गालून मंग उकलते,
उकलून परत गालते,
साएबाची गारी निंगून जाते."

पाणी गाळून उकळून प्यायचं हे माझ्या वडिलांनी मला शिकवलेलं. वडील डॉक्टर. आणि ह्या माणसानं त्याचं, ह्यांच्या चुकणाऱ्या गाडीसकट, गाणं करून विहिरीवर धुणं धुणाऱ्या बायकांच्या तोंडी दिलं. मी कळशी घेऊन गेले की बायका खालमानेनं धुणं आपटायच्या, पण ताल बरोबर ह्याच गाण्याचा. मी मालकांना जाब विचारला. म्हणाले, "गालतंस का नाय?" मी म्हटलं, "गाळते." "उकलतंस का नाय?" "उकळते." "मंग खोटा काय हाय त्यान?" मी रागानं आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पाचवं गाणं हळदीचं. ह्या गाण्याबद्दल मी थट्टा करणार नाही, करताच येत नाही.

"हलद आली गो हलद आली,
.........च्या घरची हलद आली.
मिठानी फाटले बायोचे पाय,
भेगेन भेगेन हलद जाय.
झोंबते तरी ती बोलं नाय,
बघते नुसती आयशीकडं."

बस, एवढंच. मिठागरात राबलेली पोर, उद्या लग्न, पायाला हळद लावतायत आणि ती भेगांतून झोंबते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ओट्यावर शेंगा सोलत होते. माझ्याही टाचांना तेव्हा भेगा होत्या, डोंबिवलीच्या मातीनं पडलेल्या, आणि खरं सांगते, त्या चुरचुरल्या. माझ्या हळदीला माझी आई नव्हती, आधीच गेली होती. मला मालकांचा संताप आला. पाण्याच्या घागरीवरून मला चिडवणाऱ्या ह्या कोटवाल्या माणसाला हे सुचतंच कसं? त्यांनी विचारलं, "कंची वल?" मी म्हटलं, "आयशीची." दुसऱ्या दिवशी पोहरा आमच्या दारात आणून ठेवलेला होता.

दुसऱ्या ओळीत मी टिंबं दिली आहेत तिथं मालकांचं नाव होतं. ते नाव मी सांगत नाही. एक तर पाण्याच्या गाण्याचा सूड म्हणून, आणि दुसरं कारण ओघानं येईलच. कारण सगळं रामायण त्या नावावरूनच झालं.

मुळात नाव गाण्याच्या शेवटी होतं. मालकांनी कुठंतरी तमाशा पाहिला, शाहीर शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफतो हे बघितलं, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलं की गाणं म्हणजे मागं राहिलेलं नाव. मुलगा नव्हता त्यांना, एकच मुलगी. त्यामुळे असेल. पाचही गाण्यांच्या शेवटी "गाना केला अमक्यानं" अशी ओळ होती. गाणी गावात पसरली, हां हां म्हणता आजूबाजूच्या पाड्यांत गेली, बायका हळदीला, लावणीला म्हणू लागल्या. आणि सगळ्या बायकांनी शेवटची ओळ गाळली. कोणी सांगितलं नव्हतं, ठरवलं नव्हतं. आंब्याची कोय टाकावी तशी टाकली.

मानपाड्याच्या एका हळदीला हे मालकांच्या कानावर पडलं. ते घरी धावत आले, कोट घातला, परत गेले आणि बायकांच्या घोळक्यात उभे राहून ओरडले, "थांबा! माजा नाव राहिला!" हळद लावणाऱ्या बायकांत मुख्य होती त्यांचीच थोरली बहीण, सगळ्या गावाची आक्का. आक्काच्या तोंडाला कोणी लागत नसे. ती पिवळ्या हातांनीच म्हणाली, "तुजा नाव कंला मदी? तुजा लगीन हाय काय?"

मांडव हसला. मालक घरी आले आणि महिनाभर कोट काढला नाही. नाव शेवटी ठेवलं म्हणून गाळलं ना? मग त्यांनी ते धृपदात आणलं, अगदी दुसऱ्या ओळीत, आणि धृपद प्रत्येक ओळीनंतर. "आता नाव कारून दाकवा," म्हणाले. आम्हालाही वाटलं, बरी खोड मोडली.

पुढच्याच हळदीला बायकांनी मालकांचं नाव काढलं आणि तिथं नवरदेवाचं घातलं. त्यात त्यांचा दोष तरी काय? नवरीला लागते ती नवऱ्याच्या घरची उष्टी हळद. "अमक्याच्या घरची हळद आली" म्हटल्यावर तिथं नवऱ्याचंच नाव येणार, दुसऱ्या कुणाचं? मालकांनी स्वतःच्या हातानं आपल्या नावाला नेमक्या त्याच जागी नेऊन बसवलं होतं जिथून ते उठवलं जाणार. एवढी हुशारी चौथी पास माणसालाच जमते. आमच्यासारख्या शिकलेल्यांना त्याला कमिटी नेमावी लागते.

पण खरी गोम ह्याच्याही पुढं होती. गावात गळा एकच, तो काकींचा. आक्का ओरडायची, बाकीच्या गायच्या, पण काकी गायल्या की पलीकडच्या खोलीतले मास्तरसुद्धा कान उघडायचे. मालकांनी पाचही गाणी काकींच्या गळ्यासाठी रचली होती. हे ते कधी कबूल करणार नाहीत, पण चाल कुठं चढते आणि कुठं उतरते ते ऐकलं की कुणालाही कळावं. आणि आता हळदीचं गाणं काकींना म्हणताच येईना, कारण नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? त्या पहिली ओळ गायच्या, दुसरीला आल्या की चाचरायच्या आणि म्हणायच्या, "यांच्या घरची हलद आली."

"यांच्या कोन?" मालक कडाडायचे. "यांच्या नावाचा मानूस हाय काय गावान?"

मी एकदा न राहवून म्हटलं, "मालक, काकींनी तुमचं नाव कसं घ्यावं?"

"गान्यान घेतला तर काय होतंय? गाना म्हंजे संवसार हाय काय?"

काकी चुलीशी बसून आपल्या फुंकणीत फुंकत राहिल्या. त्यानंतर त्यांनी ते गाणं म्हणणं सोडलं. मालक नावाचं गाणं घेऊन बसले आणि गळा गेला. ते त्यांना कळत होतं की नाही देव जाणे. ओट्यावर आमच्यापुढं गाताना त्यांचं लक्ष मात्र विहिरीपलीकडं असायचं.

मग झालं ते व्याख्यान. आमच्या डोंबिवलीत तोवर नोकरदार मंडळी पुष्कळ जमली होती, आणि चार नोकरदार जमले की पाचवं मंडळ निघतं. मंडळानं शाळेच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी ठाण्याचे एक प्राध्यापक बोलावले, विषय 'लोकगीतांतील करुणरस'. मी गेले, मालकही आले. गाण्यांचं काही आहे म्हटल्यावर ते कोट घालूनच आले आणि पहिल्या रांगेत बसले. प्राध्यापकांनी चष्मा पुसला, पाणी प्यायलं, आणि त्यांच्याकडं भात सडायला येणाऱ्या बाईनं म्हटलेलं एक गीत वाचून दाखवलं. हळदीचं. नावाच्या जागी 'रामाच्या घरची हळद आली'.

मालक ताठ झाले. मी मागं बसून पदर तोंडात धरला.

प्राध्यापक खुलले. म्हणाले, हे काव्य कोणी रचलं? कोणीही नाही! लोकगीताला कर्ता नसतो. ही माती स्वतःच गाते.

मालक उभे राहिले. "मी केलाय."

अध्यक्ष म्हणाले, "बसा, बसा, प्रश्न शेवटी."

"परश्न नाय. गाना माजा हाय. मी केलाय."

प्राध्यापक समजुतीनं हसले. अडाणी माणसाशी हसतात तसे. "आजोबा, आपण हे लहानपणी ऐकलं असेल. प्रत्येकाला ते आपलंच वाटतं, हेच तर लोकगीताचं मर्म!" टाळ्या पडल्या. आमचे हेसुद्धा वाजवत होते. मी कोपर मारलं तेव्हा थांबले.

मालक तसेच उभे. "माती कंला गाना करंल?" ते म्हणाले. "माती भात करते." आणि निघून गेले.

त्या दिवशी मला हसू आलं नाही. आला तो राग, आणि तो मालकांचा नव्हता. घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, "टाळ्या कशाला वाजवल्या?" हे म्हणाले, "सगळे वाजवत होते." झालं.

दुसऱ्या दिवशी मालक आले ते बिनकोटाचे. "वैनी, तुजा अक्षर चांगला हाय. लिवून दे पाच पन गानी. छापाची हायत. पुठ्ठ्यावर नाव, दर गान्यान नाव. मंग बगू माती काय बोलते." मी लिहून दिलं. त्यांनी सांगायचं आणि मी उतरवायचं, मध्येच ते शब्द बदलायचे, मी कागद फाडायचे. पाण्याच्या गाण्याशी आलो तेव्हा मी म्हटलं, "हे मी लिहिणार नाही." म्हणाले, "बरा. मंग वैनीच्या जागी तुजा नाव घालतो." मी मुकाट्यानं लिहिलं.

कागद कल्याणच्या एका छापखान्यात गेले. तो छापखाना लग्नपत्रिकांचा, आणि लग्नसराई चालू, म्हणून काम मागं पडलं. आणि तेवढ्यात मालकांच्या मुलीचंच लग्न ठरलं. मुलगा मोहन्याचा, तिथल्या कारखान्यात नोकरीला.

मालकांनी मांडव घातला आणि शपथही घातली. आपल्या पोरीच्या हळदीला गाणं होईल ते आपलंच, आणि आपल्या नावानंच. नाहीतर एकही गाणं होणार नाही. काकी रडल्या, आक्का भांडली. मालक खेकड्यासारखे आपल्या बिळात.

हळदीच्या संध्याकाळी मोहन्याहून उष्टी हळद आली, वाटीवर रुमाल बांधून. व्याही मंडळी बाजेवर बसली. पोरीला पाटावर बसवली. आक्कानं हळदीत हात घातला आणि तशीच थांबली. मालक कोट घालून मांडवाच्या खांबाशी उभे होते.

"गा," मालक म्हणाले.

"काय गाऊ?" आक्का म्हणाली. "नवऱ्याच्या घरशी हलद आली. सोयरे समोर बसलेत. आन मी म्हनू हलद बापाच्या घरची? उटून जातील ते! तुज्या नावापायी पोर पाटावरशी उटवाची हाय?"

ते खरंच होतं. बाजेवरचे म्हातारे व्याही एकमेकांकडं बघू लागले होते. एकानं चप्पल पायात सरकवली. काकी मुलीच्या मागं बसल्या होत्या, खाली मान घालून. आगऱ्यांच्या मांडवात हळदीला शांतता, हे मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. पोरीच्या पायाला लावलेली हळद वाळत चालली होती.

पोरगी बापाकडं बघत नव्हतीच. ती बघत होती आईकडं. आणि हळूच म्हणाली, "आये, मना मुकी हलद लावतंस काय गो?"

मालकांनी ते ऐकलं. त्यांच्या गाण्यातली शेवटची ओळ त्यांच्यासमोर पाटावर बसली होती. त्यांनी घसा खाकरला. बायकांच्या हळदीत पुरुषानं गायचं नसतं, पण ते गाऊ लागले. "हलद आली गो हलद आली..." आणि दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी येऊन थांबले. तोंड उघडं, पुढं काही येईना. आपलं नाव म्हणवेना आणि दुसऱ्याचं घालवेना. सगळा मांडव त्या उघड्या तोंडाकडं बघत होता.

तिथं काकींनी उचललं. खालमानेनंच, पण त्या गळ्यानं. जावयाचं नाव घालून, स्वच्छ. सासूला जावयाचं नाव घ्यायला काय अडचण? मग आक्का, मग सगळ्या. व्याह्यांनी चपला काढल्या. आणि मालक? त्यांनी तोंड मिटलं, खांबाला टेकले आणि कोट काढून हातावर घेतला. गाणं काकींच्या गळ्यात परत आलं होतं. मालक डोळे मिटून ऐकत होते, आणि त्या दिवशी त्यांनी कोणालाच विचारलं नाही, कुठली ओळ आवडली.

मुलगी सासरी गेली. मालक सकाळी माझ्या दाराशी. "वैनी, छापखान्यान जाऊन येतो. गान्यांतना नाव कारतो."

"मग तिथं काय घालायचं?"

"टिंबा. ज्याची हलद त्याचा नाव."

मला बरं वाटलं, म्हटलं माणूस सुधारला. पण मालक कसले सुधारतात? "पुठ्ठ्यावर मातर मोट्या अक्षरान," जाता जाता म्हणाले.

कल्याणला जाऊन त्यांनी छापखानेवाल्याला सांगितलं ते एवढंच: जिथं जिथं माझं नाव असेल तिथं टिंबं घाल. छापखानेवाल्यानं लग्नपत्रिकांचे नमुने छापण्यात जन्म घालवलेला. नावाच्या जागी टिंबं, ह्यात त्याला नवल काही वाटलं नाही. सांगितलं तसं त्यानं चोख केलं.

पुस्तकं आली. आमच्याच ओट्यावर गठ्ठा सोडला. मालक कोट घालून बसलेले. वरच्या पुस्तकावर छापलं होतं: 'हळदीचं गाणं आणि आणखी चार'. त्याखाली, मोठ्या अक्षरांत, 'रचणार, चाल लावणार आणि गाणार', आणि त्याखाली सुबक टिंबांची ओळ.

मी हसले. इतकी हसले की शेजारचे मास्तर बाहेर आले. मला वाटलं मालक आता गठ्ठा विहिरीत टाकणार. त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, दूर धरलं, आणि म्हणाले, "जागा बराबर माज्या नावाएवरीच ठेवल्यान."

मी म्हटलं, "आणा, मी सगळ्यांवर लिहून देते."

"नको. छापलेला येगला, आन लिवलेला येगला."

आणि तशीच विकली. कल्याणच्या बाजारात, मलंगगडाच्या जत्रेत, आमच्या चाळीत तर बळजबरीनं. आता शाळेच्या वहीवर टिंबांची ओळ दिसली की माणूस काय करतो? आपलं नाव लिहितो. तेच झालं. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या मुलीनं आपलं नाव लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी शाईनं, माहेरच्या आडनावासकट लिहिलं. मालक जिथं जातील तिथं त्यांचं पुस्तक, आणि पुस्तकाचा कर्ता दर घरी नवा. माझ्याकडं येऊन नाचले, "वैनी, डोंबिवली चोरांची हाय!"

वर कडी मंडळाच्या वाचनालयानं केली. ठाण्याच्या त्या प्राध्यापकांनी आपली प्रत वाचनालयाला भेट दिली होती, आणि पुस्तकावर नाव घालायच्या सवयीनं टिंबांवर झोकदार सही केली होती. वाचनालयानं पुस्तक त्यांच्याच नावावर चढवलं. लोकगीताला कर्ता नसतो म्हणणाऱ्याला देवानं फुकटात कर्ता केलं. मी ही बातमी मालकांना दिली तेव्हा ते आधी लाल झाले, मग खोकू लागले, मग कळलं की हसतायत. "म्हंजे माती ती हीच!" म्हणाले, आणि डोळे पुसले.

त्यानंतर चार-दोन वर्षांत मालक गेले. सहावं गाणं चालू होतं म्हणतात, कोणाला ऐकवलं नाही. चाळीत संध्याकाळी सामसूम झाली. आमचे हे तर मोकळेपणानं वर्तमानपत्र वाचू लागले, आणि मला त्यांच्या पानांच्या आवाजाचा राग यायला लागला.

एके दिवशी सकाळी काकी आल्या. कपाळ मोकळं, हातात ते पुस्तक, कोरंच. माझा भात चुलीवर होता.

"वैनी, येवर्‍या टिंबांवर त्यांचा नाव लिव."

मी दौत घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं. काकींनी पुस्तक हातात घेतलं, उलटं-सुलटं बघितलं. "तेच लिवलंस ना गो? मना काय कलतंय? सोताचा नाय ना लिवलास?"

मी म्हटलं, "वाचून दाखवू?"

त्यांनी नको म्हणून मान हलवली. मग काय वाटलं कोण जाणे, उंबऱ्यात बसल्या, आणि हलक्या आवाजात सुरू केलं. "हलद आली गो हलद आली..." दुसरी ओळ आली. काकी थांबल्या आणि माझ्याकडं बघितलं.

मी मालकांचं नाव घेतलं, मोठ्यानं. विहिरीपलीकडं ऐकू जाईल असं.

काकींनी पुढची अर्धी ओळ उचलली. "...च्या घरची हलद आली." मग भेगांची ओळ, आणि पुन्हा धृपद, पुन्हा त्या थांबल्या, पुन्हा मी नाव घेतलं. त्या माणसानं धृपद दर ओळीनंतर आणून ठेवलं होतं ना, कोणी नाव गाळू नये म्हणून. मागं चुलीवर भात लागल्याचा वास सुटला होता. काकी थांबत होत्या, माझ्याकडं बघत होत्या, आणि मी भात तसाच लागू देऊन नाव घेत होते.